गारखेड्यात हैफाची टेकडी

आमच्या इमारतीत लिफ्ट बसली, त्याच आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी जिना चढायला सुरुवात केली. तोवर त्यांचं वरच्या मजल्यांकडं सहसा काही काम नसायचं. लिफ्टसाठी सोसायटीत तीन वर्षं भांडणं झाली होती. प्रत्येकानं आपापले गुडघे मीटिंगमध्ये मांडले होते. आता ते सगळे गुडघे आरामात वरखाली करत असताना सत्तरी गाठलेल्या बाई रोज संध्याकाळी कठडा धरून पाचव्या मजल्यापर्यंत जायच्या आणि परत यायच्या.

आमच्या गारखेड्यात माणसानं उगाच काही केलेलं कोणाला चालत नाही. त्यामुळं कारणं शोधली गेली. दुसऱ्या मजल्यानं ठरवलं, डॉक्टरांनी सांगितलं असणार. चौथ्यानं ठरवलं, लिफ्टची भीती वाटत असणार. माझी बायको म्हणाली, "कोणाच्या घरी काय शिजतंय त्याचा वास घेत असतील." ही कल्पना आपल्याला आधी का सुचली नाही, याची हळहळ तिच्या आवाजात होती. मी काही विचारलं नाही. शेंद्र्याच्या कारखान्यात मी सत्तावीस वर्षं क्वालिटी विभागात काढली. विचारण्यापेक्षा नुसतं बघून निकाल द्यायची मला सवय आहे, आणि निकाल शक्यतो वाईटच द्यायचा.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. माझ्या मुलीचं गणित त्यांनीच सुधारलं, तेव्हापासून आमचं जाणंयेणं. त्यांच्या बैठकीत भिंतीवर एक मोठा फोटो आहे. हिरवी टेकडी, तिला पायरीपायरीनं कापून केलेल्या बागा, मधोमध सोनेरी घुमटाची इमारत आणि खाली समुद्र. त्या फोटोखाली बसून मी अठरा वर्षं चहा प्यायलो आणि ते उटीचं एखादं उद्यान असावं असं समजत राहिलो. उटीला समुद्र नाही, ही गोष्ट क्वालिटीवाल्याच्या नजरेतून सुटली.

दर एकोणीस दिवसांनी त्यांच्याकडं चारपाच माणसं जमायची, काही म्हणायची, मग फराळ व्हायचा. माझ्या बायकोला ती भिशी वाटायची. "एकोणीस दिवसांची भिशी मी कुठं ऐकली नाही, पण आपल्याला घेतात का विचारा," असं ती मला दोनदा म्हणाली होती. एकदा बाईंनी एक पत्र दाखवलं, तेव्हा उलगडा झाला. बाई बहाई होत्या. दिल्लीचं ते कमळाच्या आकाराचं मंदिर ज्यांचं आहे, ते लोक. आणि फोटोतली टेकडी होती तिकडं परदेशात, हैफा नावाच्या बंदराच्या गावी. त्यांच्या धर्माची वाट ज्यांनी मोकळी केली त्यांची समाधी त्या घुमटाखाली आहे. यात्रेसाठी अर्ज करायचा असतो आणि नंबर लागायला वर्षं जातात. बाईंचा नंबर लागला होता. अर्जात त्यांचं आणि त्यांच्या साहेबांचं, अशी दोन नावं होती.

"तिथं गाडीनंही नेतात," बाई म्हणाल्या होत्या, "पण आम्हाला खालच्या फाटकापासून पायऱ्या चढून जायचंय. आमचं ठरलेलं आहे."

मग साथ आली आणि सगळं बंद झालं. त्या साथीत साहेबही गेले. बाईंनी पुन्हा अर्ज केला, या वेळी एकाच नावाचा. पुन्हा काही वर्षं गेली, पुन्हा नंबर लागला, बॅगसुद्धा आणून झाली आणि तिकडं लढाई पेटली. बाईंनी बॅगेत हिवाळ्याचे कपडे भरून ती पलंगाखाली सरकवली आणि तिसरा अर्ज केला.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच पुढचा उद्योग मी केला, आणि तो चांगल्या मनानं केला असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

मी आमच्या गणेश मंडळाचा सल्लागार आहे. ज्याला पहिल्या रांगेत खुर्ची देतात पण ज्याचं ऐकत नाहीत, त्याला मंडळात सल्लागार म्हणतात. दरवर्षी देखाव्यावरून चर्चा होते. आदल्या वर्षी आम्ही केदारनाथ केलं होतं. त्या वर्षी निम्म्या शहरानं केदारनाथ केलं. औरंगपुऱ्यातल्या एका मंडळाच्या केदारनाथावर तर बर्फही पडत होता आणि बक्षीस त्यांना गेलं. अध्यक्षांच्या ते जिव्हारी लागलं होतं. अध्यक्ष तिशीतला, मोबाइलच्या दुकानाचा मालक, अंगात उत्साह भरपूर.

"काका, औंदा असं काय तरी पायजे का कोणाच्या बापानं केलं नसंल," तो म्हणाला.

मी बाईंच्या फोटोचा फोटो काढून आणला होता. तो मोबाइल सगळ्यांच्या हातातून फिरला.

"हे काय हाय? दुबई?"

मी सांगितलं. बहाई म्हणजे कोण, हे सांगायला दिल्लीचं कमळ कामी आलं. तिथं समाधी आहे म्हटल्यावर एकजण म्हणाला, "म्हंजी मकबराच की. आपल्याकडं हाय." दुसरा म्हणाला, "पण आपल्या मकबऱ्याला असं चढतं गार्डन कुठं हाय?" हा मुद्दा सर्वांना पटला. आपल्याकडं नाही असं काही जगात आहे, हे आमच्या शहरात इतक्या शांतपणे कबूल झालेलं मी प्रथमच बघितलं.

तिथं मी माझी खरी अट घातली. मधला जिना खोटा नको. फळ्या मजबूत हव्यात, कठडा हवा. "आपल्या बाईंना तो चढायचाय," मी सांगितलं.

खरं म्हणजे बाई असं काही म्हणाल्या नव्हत्या. पण मी मनात त्यांचे गुडघे, त्यांचं वय, तिकडची लढाई आणि अर्जांची रांग एकत्र तपासून निकाल देऊन टाकला होता. बाई काही हैफाला जात नाहीत. मग निदान गारखेड्यात तरी चढू देत. घरी येऊन बायकोला हे सांगितलं आणि वर म्हणालो, "दुधाची तहान ताकावर, दुसरं काय."

"त्यांनी ताक मागितलंय का?" बायकोनं विचारलं.

मी पेपर उघडला.

बाईंकडं परवानगी मागायला अध्यक्ष आणि मी गेलो. जिन्याचं मात्र मी बोललो नाही, ते अचानक सांगून त्यांना खूश करायचं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, भिंतीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "करा. फक्त घुमटाखाली मूर्ती ठेवू नका. गणपती पायथ्याशी बसवा, त्यांनाही टेकडी दिसेल. आणि तिथं कोणी मोठ्यानं बोलत नाही, तेवढं सांभाळा."

"हौ ना बाई, एकदम शांत ठेवू," अध्यक्ष म्हणाला. त्याच्याएवढ्या उंच स्पीकरची ऑर्डर आदल्या दिवशीच गेली होती.

खाली नऊ बागा, वर नऊ आणि मधे घुमट, अशी तिथली रचना. अध्यक्षांनी मैदानाची रुंदी बघून विचारलं, "बाई, चार-चारात बसवलं तर चालंल का?" बाई म्हणाल्या, जेवढी जागा तेवढंच होणार.

गणपतीच्या आधी दहा दिवस काम सुरू झालं. बांबूंची टेकडी उभी राहिली, तिच्या पायऱ्यांवर ओली पोती अंथरून त्यावर माती आणि गहू टाकले. आमच्या बायका घटस्थापनेला गहू पेरतात, त्यामुळं या कामातल्या तज्ज्ञ त्याच. माझ्या बायकोनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "मंडपाखाली पिवळं उगवणार. घटाला पिवळं चालतं, बागेला नाही." सल्लागाराच्या बायकोचंही कोणी ऐकलं नाही. पाचव्या दिवशी टेकडी उगवली आणि ती पिवळी होती. घुमटही सोनेरी, बागही सोनेरी. मग रोज सकाळी ती पोती उन्हात नेऊन ठेवायची आणि दुपारी परत आणायची असा कार्यक्रम सुरू झाला. श्रावणातलं ऊन आपल्या मर्जीनं येतं. शेवटी अध्यक्ष म्हणाला, "टेन्शन नाय काका, हिरवी लाईट मारू." त्या लाईटमध्ये बाग हिरवी दिसायची, आणि तिच्यासमोर उभं राहिलेलं मंडळही.

घुमट म्हणजे केटररची सगळ्यात मोठी कढई, पालथी घालून सोनेरी रंग मारलेली. जिन्याच्या दोन्ही बाजूंनी वाहणाऱ्या पाण्यासाठी दोन कूलरचे पंप लावले. पावसाळ्यात कूलर रिकामेच असतात. प्रश्न पाण्याचा होता. आमच्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतं. शहराचं नाव बदललं, पण नळाचा वार अजून कोणाला सांगता येत नाही. तर अशा गावात आम्ही टँकर मागवून तो एका खोट्या टेकडीवरून रात्रंदिवस खाली सोडत होतो, आणि समोरच्या गल्लीतल्या बायका हंडे घेऊन ते बघायला यायच्या. त्यातली एक मला म्हणाली, "भाऊ, तुमच्या देवाच्या डोंगराला रोज पाणी हाय व्हय."

जिन्याचं काम मात्र मी कोणावर सोडलं नाही. सागवानी फळ्या मागवल्या, प्रत्येक पायरी ठोकून बघितली, तांदळाची दोन पोती एकावर एक ठेवून तासभर तशीच राहू दिली. पायऱ्या बाईंच्या बेतानं उथळ ठेवल्या. नोकरीत मी इतकं मन लावून काही पास केलेलं मला आठवत नाही.

देखावा गाजला. 'हैफा येथील जगप्रसिद्ध स्वर्गीय उद्यान' असा फ्लेक्स लागला. त्यावर टेकडी तळहाताएवढी होती आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांचे चेहरे टरबुजाएवढे. शेंद्र्याहून, औरंगपुऱ्याहून माणसं आली. कोणी वाहत्या पाण्यात नाणी टाकली. एका आजीनं चपला काढून पायथ्याशी नारळ ठेवला आणि मला विचारलं, इथं नवस कोणाला बोलायचा. मी म्हणालो, इथं नवस नसतो. तिनं माझ्याकडं दयेनं बघितलं आणि हळूच आपला नवस बोलूनच गेली. एक जोडपं फक्त कढईवर भांडत होतं, ती पितळेची की लोखंडाची. मात्र टेकडीवरचा गहू कोणी तोडला नाही, हे मला सांगितलं पाहिजे. पाटी न लावता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, आरतीच्या आधी, बाईंना आणायचं ठरलं. मी त्यांना घ्यायला गेलो. त्यांनी पांढरी, निळ्या काठाची साडी नेसली होती. मंडपात आलो आणि अध्यक्षांनी खरोखर स्पीकर बंद केला. आवाज थांबताच लोकांना वाटलं लाईट गेली. सगळे वर बघायला लागले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पाण्याचा आवाज ऐकू आला.

बाई टेकडीसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी खालपासून वरपर्यंत बघितलं. एका पोत्यावरचा गहू तळव्यानं हलकेच कुरवाळला. "पाणी दोन्ही बाजूंनी काढलंत," त्या म्हणाल्या, "ते बरोबर आहे." मला शाळेत कधी मिळालं नाही असं काही तरी मिळाल्यासारखं वाटलं.

मग अध्यक्षांनी माईक घेतला. शांतता सांभाळून, पण माईकवरून, त्यांनी जाहीर केलं की आदरणीय बाई आता या पवित्र पायऱ्या चढून जिन्याचं उद्घाटन करतील. मी बाईंच्या जवळ गेलो. "फळ्या पक्क्या आहेत," मी म्हणालो. "तुमच्यासाठीच केलाय हा जिना. सावकाश चढा, मी मागं आहे."

बाईंनी कठड्यावर हात ठेवला. पाऊलही उचललं असावं, कारण साडीची निरी हलली. मग त्यांनी हात काढून घेतला.

"नको, भाऊ," त्या म्हणाल्या. "फार सुंदर केलंत. पण हे चढणं मी तिथल्यासाठी राखून ठेवलंय."

"अहो, पण..." मी म्हणालो आणि पुढचं वाक्य गिळलं. पुढचं वाक्य होतं, तुम्ही तिथं जाणार नाही आहात. ते बाईंना ऐकू गेलं असावं. त्या माझ्याकडं बघून हसल्या, गणपतीला हात जोडले आणि घरी गेल्या.

मला राग आला. लपवत नाही, चांगलाच आला. दहा दिवसांचं काम, सागवानी फळ्या, टँकर, दोन पोती तांदूळ, आणि बाईंना पाच फूट चढायला होत नाही. लोक खोळंबले होते. मग माजी नगरसेवक पुढं आले. ते कुठल्याही रिकाम्या पायरीच्या आसपासच असतात. ते घुमटापर्यंत चढले, कढईला एका हातानं टेकले आणि फोटोसाठी दुसरा हात हलवला. एकही फळी करकरली नाही. माझं काम तांदळाच्या दोन पोत्यांपेक्षा जास्त वजनाला उतरलं, एवढंच त्या संध्याकाळी सिद्ध झालं. स्पीकर पुन्हा सुरू झाला आणि माणसाएवढे ते डबे विसर्जनापर्यंत थांबले नाहीत. बक्षीस दुसऱ्या क्रमांकाचं मिळालं. पहिलं औरंगपुऱ्याच्या त्याच मंडळाला. या वेळी त्यांच्याकडं धबधबा होता.

विसर्जनानंतर मी बाईंकडं गेलो नाही. कामं आहेत असं बायकोला सांगितलं. निवृत्त माणसाला कामं आहेत हे ऐकून तिनं माझ्या हातात दळणाचा डबा दिला. मांडव सुटला, टेकडीचा गहू गल्लीतल्या गाईंनी खाल्ला, कढई घासून केटररकडं परत गेली.

आठवड्यानं एका संध्याकाळी लिफ्ट बंद पडली. मी चौथ्या मजल्यावर राहतो. दूध घेऊन जिना चढायला लागलो आणि तिसऱ्या मजल्याच्या वळणावर बाई पायरीवर बसलेल्या दिसल्या. त्यांना दम लागला होता. मी घाबरून पिशवी खाली ठेवली.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "दुसरी फेरी आहे. दुसऱ्या फेरीला इथं बसावंच लागतं. पुढच्या महिन्यात बसावं लागणार नाही."

"दुसरी फेरी?"

"आधी एकच जमायची. आता पाचव्यापर्यंत दोनदा होतं. तिथं खूप पायऱ्या आहेत ना, भाऊ. आता नंबर लागला आणि पायच नाही म्हणाले, तर काय करायचं?"

डॉक्टर नव्हते, लिफ्टची भीती नव्हती, कोणाच्या आमटीचा वास नव्हता. लिफ्ट आली, सगळे जिना सोडून गेले आणि बाईंना मोकळी टेकडी मिळाली. मी रोज त्यांना दारातून बघत होतो. आणि तरी मी त्यांचे गुडघे नापास करून त्यांच्यासाठी मैदानात एक लुटूपुटूची टेकडी उभी केली, वर ती चढल्या नाहीत म्हणून रागावलो. मला लाज वाटली. पिशवीतलं दूध गळत होतं, ती सरळ करायचं निमित्त करून मी खाली वाकलो.

"मला वाटलं होतं, तुम्हाला जमणार नाही," मी म्हणालो. एवढं तरी खरं बोलायलाच हवं होतं.

"मलाही अधूनमधून वाटतं," बाई म्हणाल्या. "म्हणून तर तुमच्या जिन्याला भ्यायले. तो चढले असते तर वाटलं असतं, झालं. मग इथं कशाला बसले असते?"

मी त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो. खालून कोणीतरी लिफ्टचं दार आपटत होतं.

"तुम्हीपण चला ना," बाई एकदम म्हणाल्या. "तिथं बघायला येणाऱ्यांनाही सोडतात. फक्त त्यांची वाट उलटी असते. त्यांना वरच्या फाटकातून घेतात आणि सगळी बाग दाखवत खाली उतरवतात. तुम्ही वरून या, मी खालून येते. मधे घुमटापाशी भेटू."

"उतरायला काय," मी म्हणालो, "उतरायला कोणालाही जमतं."

"नाही हं," बाई उठत म्हणाल्या. त्यांनी कठडा धरला. "उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो. आतापासून सुरुवात करा."

लिफ्ट दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी लिफ्टनं पाचव्या मजल्यावर जातो आणि जिन्यानं खाली उतरतो. इमारतीत याची कारणं शोधणं चालू आहे. दुसऱ्या मजल्याला वाटतं, डॉक्टरांनी सांगितलं असणार. बायकोनं अजून काही ठरवलेलं नाही, पण माझा पासपोर्टचा अर्ज तिला कपाटात सापडला आहे. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर बाई खालून येताना दिसतात. त्यांना आता तिथं बसावं लागत नाही. आम्ही एकमेकांना हात करतो आणि आपापल्या वाटेनं जातो. तिथं कोणी मोठ्यानं बोलत नाही.